लाल तर सगळंच आहे

सकाळी ६

दगड कापणाऱ्याचा दिवस पाण्यापासून सुरू होतो. कालचं पाणी रात्रभर बादलीत निवळत असतं. वरचं स्वच्छ पाणी करवतीच्या टाकीत भरायचं आणि तळाचा गाळ गोणपाटावर वाळत टाकायचा. तो मोरीत सोडला तर नळी कायमची तुंबते. शिवाय माथेरानमध्ये पाणी उधळण्याची सोय नाही. पावसाळ्यात डोंगर धो धो भिजतो आणि मार्चनंतर बादल्या मोजाव्या लागतात.

आता नोव्हेंबर आहे. सकाळी बाजारपेठेच्या रस्त्यावर घोड्यांची पहिली रांग निघाली की धुरळा उठतो, आणि तो लाल असतो. रस्ता, घरांच्या पायऱ्या, पर्यटकांचे पांढरे बूट, सगळं लाल. सुमारे आठशे मीटर उंचीच्या या पठाराच्या माथ्यावर जांभा आहे. जांभ्याखाली बेसॉल्टचे थरावर थर आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत गेला, त्याचे हे थर. लुईझा पॉइंटवरून प्रबळगडाचे कडे पाहिले की त्यांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. भूशास्त्रज्ञ या थराला ‘बोल’ म्हणतात.

त्यामुळे इथे कुणी ‘लाल दगड सापडला’ असं म्हणालं, तर त्यातला ‘लाल’ हा शब्द मी बाजूला ठेवते. त्यावरून इथे काहीच कळत नाही.

सकाळी ७.३०

पायथ्याच्या वाडीतून रोज भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चढून येणाऱ्या मावशी दारात थांबतात. आज पाटीत वालाच्या शेंगा, माठाच्या जुड्या आणि खाली फडक्यात बांधलेला एक दगड आहे.

“ताई, हे बघा बरं. कामाचं आहे का काही?”

मूठभर आकार, एका अंगाला मातीचा राप, दुसऱ्या अंगाला काळपट लाल चमक.

“कुठे मिळाला, मावशी?”

“आमच्याच खाचरात. नांगराला लागला म्हणून मालकांनी बांधावर फेकला होता. पावसानं धुतल्यावर असा दिसाया लागला.”

“एकटाच होता की अजून आहेत?”

“बारीक बारीक आहेत. पांढरे पण आहेत, गारगोट्या.”

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण दगड कुणाबरोबर राहतो त्यावरून त्याच्याबद्दल अर्धं कळतं. गारगोट्यांच्या संगतीत सापडलेला लाल दगड सिलिकाचा असण्याची शक्यता वाढते. बेसॉल्टमध्ये वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, थंड होताना भेगा पडतात. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि गारगोटी, अकीक, जास्पर, कॅल्साइट, झिओलाइट असे निरनिराळे पाहुणे वस्तीला येतात. बेसॉल्ट कुजून त्याची माती होते. सिलिकाचे खडे कुजत नाहीत, ते तसेच मातीत उरतात आणि नांगराला लागतात.

स्वतःच्या शेतातला आहे, हेही बरं झालं. जंगलातून आणलेला दगड मी घेत नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्याने जंगलातला दगडसुद्धा वनोपज ठरवला आहे आणि माथेरान व आजूबाजूचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. दगड उचलून न्यायची ही जागा नाही.

“ठेवून जा. उद्या सांगते.”

“सोनंबिनं असेल तर आजच सांगा,” मावशी हसतात आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या हॉटेलकडे निघतात.

सकाळी ८.३०

आधी आंघोळ. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाण्यात अर्धा तास. ही वाट पाहणं हीसुद्धा एक परीक्षाच आहे. बोलाचा तुकडा असेल तर तो पाण्यात भुसभुशीत होतो, कडा सुटतात, पाणी लाल होतं. वाळलेला बोल ओल्या बोटाला चिकटतो. जांभा असेल तर आंबोळीच्या जाळीसारखी भोकं दिसतात आणि पाण्यात टाकल्यावर त्यातून बारीक बुडबुडे येत राहतात.

माथेरानमध्ये आणखी एक तोतया आहे. इथल्या रस्त्यांवर भाजलेल्या मातीचे ब्लॉक बसवले आहेत. त्यांचे तुकडे आणि जुन्या बंगल्यांच्या विटा ओढ्याच्या पाण्यात गोल होतात, छान गुळगुळीत होतात, आणि पर्यटकांची मुलं ते खजिना म्हणून घेऊन येतात. त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. मी वीट फोडून आतली वाळू दाखवते आणि हातात गारगोटी ठेवते. मुलं खूश होऊन जातात.

मावशींच्या दगडाने पाणी लाल केलं नाही. बुडबुडेही आले नाहीत. ओला असताना रंग खुलला: विटकरी लाल, मधून काळसर ढग, एका बाजूला पांढरी शीर. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो, कारण पाणी त्याला उसनं पॉलिश देतं. पॉलिशनंतर रंग कसा दिसेल याचा अंदाज ओल्यावरून बांधायचा. दगडाचा दर्जा मात्र तो सुकल्यावर पाहायचा.

सकाळी ९.३०

आता प्रश्नोत्तरं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चाकू, काचेचा तुकडा, बाथरूमच्या फरशीचा उरलेला तुकडा, लोहचुंबक आणि ॲसिडची लहान बाटली एवढ्यावर भागतं.

चाकूचं टोक दगडावर दाबून ओढलं. करडी रेघ उमटली. इथे नवखा माणूस फसतो, त्याला वाटतं दगडावर ओरखडा पडला. ओल्या बोटाने पुसलं की रेघ निघून जाते. ती चाकूच्या पोलादाची होती. दगडाने चाकू झिजवला. मग दगडाची कड काचेवर ओढली. करकर आवाज झाला आणि काचेवर नखाला लागेल असा चरा पडला. म्हणजे मोह्जच्या मापनपट्टीवर कठीणपणा साडेसहा-सातच्या आसपास, क्वार्ट्झच्या घरातला.

फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू म्हणजे कस लावायचा दगड. हेमॅटाइट तिच्यावर लालसर तपकिरी रेघ सोडतं. बोल, गेरू, भाजलेली माती यांचीही रेघ लालच. मावशींच्या दगडाने लाल रेघ सोडली नाही, उलट फरशीलाच ओरखडा काढला.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. जांभा, बोल, वीट, जास्पर, या सगळ्यांचा लाल रंग येतो लोखंडाच्या ऑक्साइडपासून, मुख्यतः हेमॅटाइटपासून. रंगाचा मालक एकच. फरक आहे तो त्याने कुणाच्या घरी बिऱ्हाड केलंय यात. बोलात तो मातीच्या कणांमध्ये सैल बसलेला असतो, बोटाला लागतो, पाण्यात सुटतो. जास्परमध्ये तोच रंग अतिसूक्ष्म क्वार्ट्झच्या कणांमध्ये कोंडलेला असतो. तिथून तो पुसता येत नाही, धुता येत नाही. दगड कापणाऱ्याला रंगाशी थोडंच देणंघेणं असतं. रंग कुणी धरून ठेवला आहे, हे त्याला कळावं लागतं.

चुंबक लावला, दगड ढिम्म हलला नाही. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे बेसॉल्टचा लालसर कुजलेला तुकडा चुंबकाला किंचित तरी ओढ देतो. शेवटी संडास साफ करायच्या ॲसिडचा पातळ केलेला थेंब: लाल भागावर शांतता, पांढऱ्या शिरेवर फसफस. शीर कॅल्साइटची आहे. हे लक्षात ठेवलं, दुपारी उपयोगी पडेल. दगड लगेच भरपूर पाण्याने धुतला.

सकाळी ११

वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दगड भरला २४८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला टेकू न देता. काट्याने ९४ ग्रॅम दाखवले. तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं, म्हणजे त्याचं आकारमान ९४ घनसेंटिमीटर. २४८ भागिले ९४, उत्तर २.६४.

क्वार्ट्झच्या कुळातले दगड २.६ ते २.७च्या आसपास असतात. बेसॉल्ट सहसा २.८च्या वर, वीट २च्या आसपास, हेमॅटाइट ५च्या वर. बाजारात मिळणारा रेझिनचा नकली खडा फारच हलका. या एका भागाकारात बरेच उमेदवार बाद होतात. सगळे मात्र नाही. काच २.५च्या आसपास असते आणि पोवळं जवळजवळ जास्परइतकंच भरतं. म्हणून कुठल्याही एका परीक्षेवर नाव ठेवायचं नसतं.

दुपारी १२

अमन लॉज स्टेशनहून शटल गाडी आली की बाजारात गर्दी होते. चिक्की, मध, चामड्याच्या चपला, आणि टोप्यांच्या रांगेत मण्यांच्या माळा टांगलेल्या. डोंबिवलीहून आलेल्या एक काकू अंगठी पुढे करतात. “सासूबाईंची आहे. मंगळासाठी घातलेलं पोवळं, की नुसता लाल हकीक?” हकीक हे बाजारातलं मोठं गाठोडं आहे. अकीक, कार्नेलियन, जास्पर, रंगवलेला अकीक, सगळे त्यात मावतात.

दुसऱ्याच्या दागिन्यावर चाकू किंवा ॲसिड चालवायचं नसतं. दहापटीचं भिंग घेतलं. खड्याच्या बाजूने बारीक, समांतर धागे जाताना दिसले. ते पोवळ्याच्या वाढीचे. काच असती तर बुडबुडे दिसले असते, जास्पर असता तर असे धागे नसते. “पोवळंच आहे, काकू. मऊ असतं, भांडी घासताना काढून ठेवत जा.” मंगळाचं काय, ते मला विचारू नका, एवढंही सांगितलं.

भिंग हातात होतं, तोवर मावशींच्या दगडाची पातळ कड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली. कार्नेलियन असतं तर कडेतून नारिंगी उजेड झिरपला असता. इथे कड गच्च काळी राहिली. कार्नेलियन आणि जास्पर, दोन्ही क्वार्ट्झचेच सूक्ष्मकणी भाऊ. पण कार्नेलियनमध्ये लोखंड कमी, त्यामुळे ते उजेड आत घेतं. जास्परमध्ये भेसळ इतकी दाट की उजेड दारातच अडतो. म्हणून कार्नेलियनची घडण करताना मागून उजेड मिळेल असं कोंदण करायचं, तर जास्परची मागची बाजू बंद केली तरी चालते. ओळख पटवण्याचा उपयोग तो असा, थेट सोनाराच्या कामापर्यंत पोचणारा.

दुपारी १

भाकरी, माठाची भाजी, ताक. जेवताना समोर पुस्तक असतं, बहुतेक वेळा उत्खननाचं.

हे दगड ओळखण्याचं काम महाराष्ट्रात फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या घरांत कार्नेलियन आणि जास्परचे मणी मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरानेही नदीकाठचे लाल दगड उचलून, आपटून, कडा तपासून निवडले असणार. एरवी त्याला मण्याला भोक पाडता आलं नसतं. पुढे सातवाहनांच्या काळात पैठण आणि तेर ही मोठी व्यापारी गावं होती. पैठणहून अकीकजातीचे दगड भडोच बंदरात जात, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

आमच्या परिसराचा वाटा जरा निराळा. कर्जतहून खंडाळ्याला चढणाऱ्या बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो खोदताना बेसॉल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइटं उघडी पडली आणि अभ्यासकांच्या नजरेत भरली. आज सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय पाहिलं तर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटात केवढी रंगीत दुनिया आहे ते कळतं. आमच्या डोंगराच्या पोटातही तेच आहे. फक्त आमच्या वाट्याला त्यातले साधे, अपारदर्शक, बांधावर फेकलेले दगड जास्त येतात.

दुपारी २.३०

करवत. सहा इंची पातळ चकती, तिच्या कडेला हिऱ्याची भुकटी, खाली पाण्याची टाकी. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, करवत कोरडी कधीच चालवायची नाही. दगडाची कोरडी धूळ म्हणजे सिलिका, आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस हा देशातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अभ्यासलेला आजार आहे. ज्या हातांनी जगाला मणी दिले त्यांच्या छातीत ती धूळ राहिली. पाणी आणि मास्क यांना पर्याय नाही.

कापायचं कुठून, हे सकाळच्या ॲसिडच्या थेंबाने ठरवलं होतं. कॅल्साइटची शीर चाकूने ओरखडते, जास्पर ओरखडत नाही. दोन्ही एकाच खड्यात आले तर घासताना मऊ शीर लवकर झिजते, खाच पडते आणि पॉलिशवर ती डोळ्यात खुपते. म्हणून शिरेला समांतर, तिला एका बाजूला टाकून पहिला काप घेतला. शीर क्वार्ट्झची असती तर मी ती मुद्दाम खड्याच्या मधोमध घेतली असती, लालवर पांढरी रेघ सुरेख दिसते. शिरेतलं खनिज ओळखल्याशिवाय दगडाची दिशा ठरत नाही.

आवाज एकसारखा येत राहिला. जास्पर कापताना आवाज चढा आणि सलग असतो. मध्येच तो बसला तर समजावं, आत पोकळी किंवा मऊ भाग आला. टाकीतलं पाणी लाल झालं. त्याने दचकायचं कारण नाही. भुकटी झाल्यावर कोंडलेला रंगही बाहेर दिसतो.

दुपारी ४

सहा मिलिमीटर जाडीचे तीन काप मिळाले. ते धुतले, पुसले आणि खिडकीत सुकत ठेवले, जाळी लावून, कारण इथली माकडं चकाकणारी वस्तू सोडत नाहीत.

काप सुकताना पाहत बसायचं असतं. पृष्ठभाग कोरडा होतो, पण बारीक भेगेत पाणी उशिरापर्यंत राहतं आणि तिथे काळी रेघ दिसते. पहिल्या कापात अशी रेघ आरपार होती. तो बाद. मग उरलेले दोन काप दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी वाकवून पाहिले. मोडायचा असेल तर तो आत्ताच मोडावा, दोन तास घासल्यावर नको. दोन्ही टिकले.

कडेला फुटलेला एक कपचा हाताशी होता. फूट शिंपल्यासारखी वळणदार, कडा धारदार, ताज्या पृष्ठभागाला मेणकट तकाकी. जास्परबद्दल मनात उरलीसुरली शंका होती ती इथे संपली. बोल फुटला तर त्याचा चुरा होतो, जांभा फुटला तर त्याच्या गाठी सुटतात.

ॲल्युमिनियमच्या तारेने अंडाकृती आखली. पेन्सिलची रेघ पाण्याने जाते, ॲल्युमिनियमची राहते. एक मोठा खडा, एक लहान. काळसर ढग मोठ्यात थोडा तिरका घेतला.

सायंकाळी ५

लाख गरम करून काप काडीवर चिकटवला. आधी ८० नंबरचं भरड चाक: बाहेरचा आकार, मग कडेला तिरकी पट्टी, मग हळूहळू वर चढणारा घुमट. २२० नंबरवर घुमटातले सपाट डाग जातात. इथे घाई केली की सगळं पॉलिशवर उघडं पडतं. ६०० नंबर, १२०० नंबर. प्रत्येक नंबरानंतर हात, काडी, टेबल सगळं धुवायचं, कारण ८०चा एक कण १२००च्या चाकावर गेला तर नवे ओरखडे घालतो.

शेवटी चामड्याच्या चाकावर सीरियम ऑक्साइडचा ओला लेप. थोडा दाब, थोडी ऊब, आणि मग पृष्ठभागात खिडकीची चौकट दिसू लागते. मातकट किंवा सच्छिद्र दगड इथपर्यंत येऊनही मंदच राहतो, किंवा त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उठतात. मावशींच्या दगडाने काचेसारखं पॉलिश घेतलं. आता त्याच्या ओळखीवर शेवटची सही झाली.

सायंकाळी ६.३०

पॅनोरमा पॉइंटकडून परतणारे घोडे घरी चालले आहेत. काम बंद, वही उघडी.

प्रत्येक दगडाची नोंद मी एकाच पद्धतीने करते: कुठून, कुणाच्या जागेतून, कशाबरोबर, कठीणपणा, रेघ, वजन, चुंबक, ॲसिड, शीर कशाची, कसं कापलं, कशाला चालेल. शेवटी नाव. ‘लाल जास्पर. पायथ्याच्या भातखाचरातला. शीर कॅल्साइट. अंगठी, पदक यांना चांगला. लांब भोकाच्या मण्याला नको, आत भेगा आहेत.’

पर्यटकांना ‘माथेरान जास्पर’ असं नाव फार आवडलं असतं. चिठ्ठीवर ते लिहिलं तर खडा दुप्पट किमतीला जाईल, हे मला माहीत आहे. जास्परच्या व्यापारात अशी गावांची आणि डोंगरांची नावं शेकड्याने आहेत. पण हा दगड पठारावरचा नाही, आणि त्यात असं काहीही नाही की तो दख्खनच्या दुसऱ्या एखाद्या बांधावरच्या जास्परपासून वेगळा ओळखू यावा. त्याला डोंगराचं नाव दिलं की उद्या कुणीतरी डोंगरावर कुदळ घेऊन येईल. चिठ्ठीवर एवढंच राहील: लाल जास्पर, कर्जत तालुका.

लहान खडा चांदीत बसवून मावशींना द्यायचा, मोठा विकून त्यातले निम्मे पैसे त्यांचे, असा हिशेब वहीच्या कडेला लिहिला. सकाळी त्या येतील तेव्हा सोनं नाही हे आधी सांगावं लागेल. मग हेही सांगीन की खाचरातले उरलेले बारीक लाल दगड फेकू नका. पण आणण्याआधी घरी दोन गोष्टी करून पाहा: अर्धा तास पाण्यात ठेवा आणि जुन्या बाटलीच्या काचेवर ओढा. पाणी लाल झालं तर दगड बांधावर, काचेवर चरा पडला तर पाटीत.